जांभ्याचं घर दुरुस्त करताना: आधी छप्पर, मग भिंत

राजापूर तालुक्यातलं आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. जांभ्याचे चिरे, कौलारू छप्पर, ओटी, माजघर, मागे पडवी. दोन वर्षं खपून आम्ही ते राहतं केलं. असं घर तुमच्या वाट्याला आलं असेल तर माझं ऐका, पहिल्या पावसाळ्यात कशालाही हात लावू नका. भर आषाढात बॅटरी घेऊन माळ्यावर चढा आणि जिथे जिथे गळतंय तिथे खडूने खूण करा. आम्हाला 19 जागा सापडल्या. त्यातल्या चारच ठिकाणी कौल फुटलं होतं, बाकी सगळीकडे रीप, म्हणजे कौलं टेकतात ती लाकडी पट्टी, वाकून कौलं सरकली होती. हेच उन्हाळ्यात ठरवलं असतं तर चांगली कौलं फेकून बसलो असतो.

कौलं उतरवली की एकेकाला टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठेवा. बद्द आवाज आला तर आत तडा आहे. आमच्या काही कौलांवर बासेल मिशन या मिशनरी संस्थेचा छाप आणि 1865 हा आकडा निघाला. काका घराचं वय त्यावरूनच सांगायचा. पण ते साल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं आहे, कौल पाडल्याचं नाही.

वासे आणि खांब हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ वाजेल तिथे सळई खुपसा. खांब बहुतेक वेळा पायाशीच कुजतो, म्हणून अख्खा खांब बदलायची घाई नको. वरचा भार टेकूवर घेऊन कुजलेला भाग कापायचा, जुन्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधायचा आणि खाली दगडी तळखडा पक्का बसवायचा. असा सांधा घालणारा सुतार आम्हाला तीन गावं फिरल्यावर मिळाला. शोधा, मिळतो.

आता भिंत. इथेच सगळ्यात जास्त घरं बिघडतात. जांभा पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. आमच्या मागच्या भिंतीला कोणीतरी पूर्वी सिमेंटचा गिलावा केला होता. मी खरवडायला घेतला तर ताटाएवढी खपली हातात आली. मागे चिरा ओला, बोट लावलं की भुगा, त्यावर मिठासारखा पांढरा थर. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. सगळं सिमेंट काढलं आणि एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवून वाळवली.

मग चुना. चुनकळी, म्हणजे भाजलेला पण न विरलेला चुना, पाण्यात थोडी थोडी सोडा. चुनकळीवर पाणी ओतू नका, उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा हवाच आणि मुलांना लांब ठेवा. विरलेला चुना पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली चाळलेली वाळू. भिंत आधी भिजवा, थर पातळ द्या, आणि आठवडाभर ओली गोणपाटं लावून ठेवा. हे काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात गिलावा भराभर सुकून तडकतो. शेवटी रंगही चुन्याचाच द्या. प्लॅस्टिक पेंट लावलात तर पुन्हा तेच दुखणं.

विजेच्या वायरींसाठी चिरे खोदू नका, वासाखांबांच्या कडेने पट्टीतून न्या. न्हाणीघर जुन्या भिंतीला न चिकटवता पडवीबाहेर नवं बांधा. जमिनीला आम्ही स्वयंपाकघरात लादी घातली. माजघरात अजून सारवतो.

उरलेली शंभरेक कौलं पडवीत रचून ठेवा. माकडं नाचली की लागतातच, आणि दर मे महिन्यात कौलं परतताना जुनं फुटलं तर त्याच मापाचं दुसरं बाजारात मिळत नाही.