परसबागेसाठी कोंबडीखत: आधी कुजवावे, मग घालावे

कोंबडीखत ‘उष्ण’ असते, ते जपून वापरावे, असे गावोगावी सांगितले जाते आणि ते खरेही आहे. मात्र ही उष्णता नेमकी कशाची, हे ठाऊक नसल्यामुळे काही जण या खताच्या वाटेलाच जात नाहीत, तर काही जण पोल्ट्रीतून आणलेले पोते थेट आळ्यात रिकामे करतात. पहिल्या वर्षी मीही तेच केले होते. आठवडाभरात मोगऱ्याच्या पानांच्या कडा विस्तवाजवळ धरल्यासारख्या करपल्या.

कोंबडी वेगळे मूत्र टाकत नाही. तिच्या विष्ठेवर जो पांढरट थर दिसतो ते यूरिक आम्ल असते आणि ओलावा मिळताच जिवाणू त्याचे आधी युरियात व नंतर अमोनियात रूपांतर करतात. पोते उघडताच नाकाला झोंबतो तो हाच वायू. शेणखतात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का असते, तर कोंबडीखतात ते 3 टक्क्यांच्या आसपास असून स्फुरद (फॉस्फरस) अडीच टक्के आणि पालाश (पोटॅश) दीड टक्क्याच्या घरात असते. कोवळ्या मुळांना अमोनिया आणि क्षार दोन्ही सोसत नाहीत, म्हणून ताजे खत घातलेले रोप भरपूर पाणी असूनही सुकते.

खत आणताना ते कोणत्या कोंबड्यांचे आहे हे अवश्य विचारावे. ब्रॉयलरच्या शेडमधील खतात जमिनीवर अंथरलेले भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा मिसळलेला असतो, त्यामुळे ते कुजवायला सोपे जाते. अंड्यांच्या कोंबड्यांचे पिंजऱ्याखालचे खत ओले आणि चिकट असते. शिवाय कवच टणक व्हावे म्हणून त्यांच्या खाद्यात चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा देतात आणि त्यातला बराच चुना खतात उतरतो. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीला तो उपकारक ठरतो. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या मातीत मात्र त्याचा अतिरेक झाल्यास लोह मिळेनासे होऊन झाडांवर केवडा पडतो, म्हणजे शिरा हिरव्या राहून पान पिवळे होते. अनंतासारख्या आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडाला हे खत मी घालतच नाही.

कुजवण्याचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानगळीचा पालापाचोळा मुबलक असताना सुरू करावे. एक घमेले कोंबडीखतास दोन ते तीन घमेली कोरडा पाला घ्यावा (तूस मिसळलेले खत असेल तर दोन पुरतात) आणि एकाआड एक थर देत, प्रत्येक थरावर पाणी शिंपडत, लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी किमान तीन फूट होईल असा ढीग रचावा, कारण त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. ओलावा इतकाच असावा की मूठ घट्ट दाबली असता बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसेल. चुना किंवा चुलीची राख अजिबात मिसळू नये. त्यांच्यामुळे अमोनिया झपाट्याने उडतो आणि ज्यासाठी खटाटोप केला ते नत्रच निघून जाते.

तीन-चार दिवसांत ढीग तापतो. मध्यभागी लोखंडी सळई खुपसून ठेवून काही वेळाने ती बाहेर काढावी. हातात धरवत नसेल तर काम योग्य चालले आहे असे समजावे. साल्मोनेलासारखे रोगजंतू मरण्यासाठी 55 ते 65 अंश सेल्सिअस तापमान निदान पंधरा दिवस टिकावे लागते आणि त्या काळात ढीग पाच वेळा अशा रीतीने उलटावा लागतो की कडेचा माल आत जाईल. झोंबणारा वास येऊ लागला तर पाला कमी पडला आहे. सडका वास आला तर पाणी जास्त झाले आहे. ऊब ओसरल्यानंतर ढीग गोणपाटाने झाकून आणखी दीड-दोन महिने मुरू द्यावा.

खत तयार झाले की ते काळसर, भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसातील मातीसारखा वास येतो. खात्रीसाठी एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत तीन भाग माती व एक भाग खत घेऊन दोन्हींत मेथी पेरावी. दुसऱ्या कुंडीतील मेथी मागे राहिली किंवा पिवळी पडली, तर खताला अजून वेळ द्यावा.

वाफ्यांसाठी दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तयार खत लागवडीपूर्वी मातीत मिसळावे. गुलाब, जास्वंद, मोगरा यांना झाडामागे मूठ-दोन मुठी, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतात. ते खोडाला चिकटवू नये. आळ्याच्या कडेने, जिथे अन्न शोषणारी बारीक मुळे असतात तिथे, पसरून हलकेच खुरपावे आणि लगेच पाणी द्यावे. वांगी, मिरची आणि पालेभाज्या या खतावर उत्तम येतात. वाल-घेवडा मात्र नत्र जास्त झाल्यास वेलीचा पसारा वाढवतो आणि शेंगा धरत नाही. गाजर-मुळ्यांच्या वाफ्यातही ते टाळावे, कारण पाला माजतो आणि कंद पोसत नाहीत.

पूर्ण न कुजलेले खत वापरण्याची वेळ आलीच, तर ते भाजीला न देता रिकाम्या वाफ्यात मिसळावे आणि मातीला टेकणारी भाजी त्यानंतर चार महिन्यांनीच काढावी. खत हाताळताना हातमोजे घालावेत, नाकातोंडाला कापड बांधावे आणि धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडावे. परिसरात कोंबड्या मरत असतील तर तिथले खत आणूच नये. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला तेव्हापासून ही काळजी आपल्याकडे सर्वांनाच माहीत असायला हवी.

मुसळधार पावसाच्या दिवसांत, विशेषतः कोकणात, खत घातले तर ते ओहोळात आणि विहिरीत वाहून जाते, म्हणून जूनमधील पहिल्या सरी पडून गेल्यावर किंवा पाऊस ओसरल्यावर ते द्यावे. एकाच वाफ्यात वर्षानुवर्षे हेच खत घातल्यास स्फुरद साचत जाते, म्हणून एक वर्ष आड शेणखत वापरावे. उरलेले खत पोत्यात भरून छपराखाली ठेवावे, कारण उघड्यावरील ढिगात पाऊस सुरू होताच मुळे खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे अंडी घालतात.