व्हॅक्यूमची ओढ परत आली

इंदूरला उन्हाळ्यात लू सुटली की रामबागेतल्या आमच्या घरात धूळ कुठून कुठून शिरते. उभा व्हॅक्यूम गालिच्यावरून फिरवला तरी कचरा तसाच राहायचा, पण सोफ्याच्या फटीत पाइपचं चपटं तोंड घातलं की जोरात ओढायचा. म्हणजे मोटर ठीक, घोटाळा खालच्या वाटेत. दोन्हीकडे ओढ मंद असती तर आधी फिल्टरच बघितला असता.

प्लग काढून मशीन आडवं केलं. फिरत्या ब्रशला लांब केस आणि धागे घट्ट गुंडाळले होते, ते कात्रीने कापून काढले. खरा बोळा निघाला तो ब्रशपासून वर जाणाऱ्या आखूड पाइपच्या वळणात. केस, धूळ आणि मधोमध आइस्क्रीमची काडी! अशी काडी आडवी बसली की बाकी सगळं तिच्याभोवती साचत जातं. तिथे तार खुपसू नका, पाइप फाटतो. पाइप सोडवा आणि बाहेरून दाबत दाबत बोळा सरकवा.

हात लागलाच होता म्हणून फिल्टरही धुतला. धुता येणाराच असेल तर धुवा आणि सावलीत निदान २४ तास वाळू द्या. ओलसर बसवला तर धूळ चिकटून त्याचा चिखल होतो. जाड गालिच्यावर ब्रशची उंची मात्र वाढवा, नाहीतर तो चिकटून बसतो आणि हवाच आत जात नाही.