पीयूसीनंतर प्लॅनिंगला जायचंय? बेळगावकडच्या मुलांसाठी थोडं सविस्तर

सेकंड पीयूसीचा (म्हणजे बारावीचा) निकाल लागला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी एकच चर्चा, इंजिनिअरिंगची सीट कुठं मिळणार आणि मेडिकलला किती मार्क लागणार. प्लॅनिंग, म्हणजे शहर-गावांचं नियोजन, अशी एक वेगळी डिग्री असते हे फार कमी जणांना माहीत असतंय, म्हणून लिहायला बसलोय. मी येळ्ळूरच्या बाजूचा, घरी भातशेती, दहावीपर्यंत मराठी मीडियम, नंतर बी.प्लॅन आणि पुढं एम.प्लॅनला एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग केलं.

आधी ॲडमिशनचं सांगतो. बी.प्लॅन चार वर्षांचं. त्यासाठी जेईई मेनचा पेपर टू-बी द्यावा लागतो, त्यात मॅथ्स, ॲप्टिट्यूड आणि प्लॅनिंगचे प्रश्न असतात. बारावीला मॅथ्स पाहिजेच, पण फिजिक्स-केमिस्ट्रीची सक्ती नाही, त्यामुळं कॉमर्सला मॅथ्स घेतलेल्या मुलांनाही हा रस्ता उघडा आहे (कॉलेजची अट मात्र स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका). आणि २०२१ पासून हा पेपर मराठीतूनही देता येतो (त्यासाठी सेंटर महाराष्ट्रातलं घ्यावं लागतं), कन्नडमधूनही. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर ही सरकारी कॉलेजं, जोसा कौन्सेलिंगमधून (आयआयटी-एनआयटीच्या सीट वाटतात तेच) मिळतात. अहमदाबादचं सेप्टही चांगलं आहे, त्याची प्रोसेस वेगळी. ज्यांनी सिव्हिल किंवा आर्किटेक्चरची डिग्री घेतलीय किंवा जिऑग्राफीत एम.ए. केलंय त्यांनी निराश होऊ नका, गेट ही पुढच्या डिग्रीची प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांच्या एम.प्लॅनला येता येतं, आमच्या वर्गात निम्मे तसेच होते.

आता शिकवतात काय. लोकांना वाटतं नकाशे काढायचे, रस्ते आखायचे. नकाशे काढावे लागतात, पण खरा विषय स्टुडिओ. एक गाव किंवा शहराचा तुकडा ग्रुपला देतात आणि लोकसंख्या, पाणी, माती, उतार, जमिनीचा वापर, कोण कुठं कामाला जातं हे सगळं गोळा करून पुढच्या वीस वर्षांचा प्लॅन करायचा. जनगणना शेवटची २०११ ची, त्यामुळं सगळे आकडे अंदाजानं पुढं ढकलावे लागतात, म्हणून स्टॅटिस्टिक्स कच्चं ठेवू नका. एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंगमध्ये सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे लेअर एकावर एक ठेवणं: उताराचा एक थर, मातीचा एक, नाल्यांचा एक, मग कुठं बांधायचं आणि कुठं हात लावायचा नाही ते दिसायला लागतं. ही पद्धत लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅक्हार्ग यांनी १९६० च्या दशकात रुजवली, तेव्हा ट्रेसिंग पेपरवर करायचे, आता क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो आणि ते फुकट आहे.

आणि इथं आपल्या भागाचा मुद्दा येतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारातलं भात म्हणजे बेळगाव बासमतीचं माहेर. पावसाळ्यात बळ्ळारी नाला तुंबला की हेच शिवार पाण्याखाली जातं. शहराच्या नकाशावर तिथं नुसती 'रिकामी जागा' दिसते, पण बांध घातलेली भाताची खाचरं पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, ते एक काम आहे जे कुणी पगार न देता होतंय. तिथं मुरूम टाकून प्लॉट पाडले की तेच पाणी खालच्या गल्लीत जाणार. चीनमध्ये लँडस्केप आर्किटेक्ट यू कोंगजियान यांनी 'स्पंज सिटी'ची कल्पना मांडली, शहरानं पाणी पाइपात पळवायचं नाही तर जमिनीत मुरवायचं, आणि मी ते शिकताना मला आमचंच शिवार आठवत होतं. फ्युचर सिटी म्हटलं की सेन्सर आणि काचेच्या इमारती डोळ्यासमोर येतात. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं हे खरं, पण माझं ठाम मत आहे की भविष्यातल्या बेळगावचा प्रश्न शिवाराच्या कडेला ठरणार.

कायद्याचा पेपर पोरं कंटाळून वाचतात, तसं करू नका. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी) नोटिफिकेशनप्रमाणे २०,००० चौरस मीटर बांधकामाच्या वर पर्यावरण मंजुरी लागते. म्हणजे दोन-चार एकरांचं प्लॉटिंग या चाळणीत अडकतच नाही, आणि एकेक करून असे पन्नास लेआऊट झाले तरी कुणी एकत्र हिशोब मांडत नाही. याला क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट म्हणतात, थिसिससाठी आपल्याकडं याच्यापेक्षा चांगला विषय नाही. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी का विरोध केला तेही याच अभ्यासात नीट समजतं, पिकाऊ जमिनीची किंमत नुसत्या नुकसानभरपाईत मोजता येत नाही. कर्नाटक टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट १९६१ चा, त्यात मास्टर प्लॅनवर लोकांच्या हरकती घेण्याची तरतूद आहे. नकाशा वाचता येणारा माणूस गावात असला तर ती हरकत सर्व्हे नंबरासकट नीट लिहिता येते, नाहीतर 'आमची जमीन घेऊ नका' एवढंच लिहून कागद जातो.

कन्नडबद्दल मनापासून सांगतो. आरटीसी (जमिनीचा उतारा), सर्व्हेचे कागद, ऑफिसातली टिपणं सगळं कन्नडमध्ये असतंय. राजकारण आपल्या जागी, पण या कामात कन्नड वाचता आलंच पाहिजे. उलट शिवारात फिरताना आजोबांशी मराठीत बोलून जुना नाला कुठून वाहायचा हे विचारता येणं ही आपली ताकद, ती बाहेरून आलेल्या कन्सल्टंटकडे नसते.

नोकरीचं म्हणाल तर केपीएससीमार्फत (कर्नाटक लोकसेवा आयोग) टाऊन प्लॅनिंग खात्यात जागा निघतात पण दरवर्षी नाही, बाकी कन्सल्टन्सी, जीआयएस (कॉम्प्युटरवरचे नकाशे) कंपन्या आणि पाणी-पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्था. सुरुवातीचा पगार आयटीएवढा नसतो, घरी हे आधीच सांगून ठेवा. सुट्टीत मोकळे असाल तर क्यूजीआयएस टाका, इस्रोच्या भुवन या नकाशाच्या साइटवरून आपल्या गावचा भाग बघा, कर्नाटकच्या दिशांक ॲपमध्ये सर्व्हे नंबर तपासा, आणि नाला आधी स्क्रीनवर काढून मग पायी त्याच्या कडेनं चाला. ॲडमिशन मिळो न मिळो, हे काम आवडतंय का ते तिथंच कळेल.