जुनी ब्रिटिश कौटुंबिक विनोदी मालिका घरी नीट कशी बघावी

सांगलीच्या प्रेक्षकाला या प्रकाराची अर्धी ओळख आधीच असते. १९७०च्या दशकातली ब्रिटिश घरगुती विनोदी मालिका म्हणजे कॅमेऱ्यासमोर केलेलं दिवाणखानी नाटकच. तीन भिंतींचा सेट, चौथ्या बाजूला खुर्च्यांवर बसलेले खरे प्रेक्षक, काही दिवस तालीम आणि मग एका संध्याकाळी रेकॉर्डिंग. भावे नाट्यमंदिरात नाटक बघता त्याच नजरेने बघा. वेब सिरीजच्या अपेक्षेने बसलात तर दहाव्या मिनिटाला हात मोबाइलकडे जाणार.

उदाहरणाला ‘ब्लेस धिस हाउस’ घेऊ. थेम्स टेलिव्हिजनची ही मालिका आयटीव्ही या जाहिरातींवर चालणाऱ्या ब्रिटिश वाहिनीवर १९७१ ते १९७६ चालली. सहा पर्वं, ६५ भाग. स्टेशनरीचा फिरता विक्रेता सिड ॲबट, बायको जीन, आर्ट कॉलेजातून बाहेर पडून कामाचं नाव न काढणारा मुलगा माइक आणि शाळकरी सॅली. सिडच्या भूमिकेत सिड जेम्स. मालिकेची कल्पना विन्स पॉवेल आणि हॅरी ड्रायव्हर यांची. यातल्या पॉवेलनेच पुढे ‘माइंड युअर लँग्वेज’ लिहिली आणि तिच्यावरून आपल्याकडे ‘जबान संभाल के’ आली.

आधी चित्र. ही मालिका ४:३ आकाराची आहे, तुमचा टीव्ही १६:९. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पिक्चर साइज’मध्ये जाऊन ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या राहू द्या. ४३ इंची टीव्हीवर चित्र साधारण ३५ इंची होतं, तेवढं घराला पुरतं. ताणून पडदा भरला तर सगळे चेहरे चपटे दिसतात. झूम केलं तर वरून-खालून मिळून पाव चित्र कापलं जातं. मागे जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं जातं, टेबलावरची वस्तू जाते, आणि विनोद नेमका तिथेच असतो. शार्पनेस निम्म्याच्या खाली आणा, नाहीतर चेहऱ्यांच्या कडेने पांढरी रेघ दिसते. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. सात-आठ फुटांवर बसा. टीव्हीचं चित्र ६२५ आडव्या ओळींचं असायचं त्या जमान्यातलं चित्र जवळून बघायचं नसतं.

घरातलं दृश्य संपून रस्त्यावरचं आलं की चित्र एकदम दाणेदार आणि फिकट होतं. फाइल खराब नाही. स्टुडिओत व्हिडिओटेप वापरायचे आणि बाहेर १६ मिमी फिल्म, त्याचा हा फरक. मात्र हात हलला की कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर ती दुरुस्त करण्यासारखी गोष्ट आहे. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘व्हिडिओ’ मेन्यूतून ‘डीइंटरलेस’ चालू करा आणि प्रकार ‘याडिफ २एक्स’ निवडा. मूळ रेकॉर्डिंग सेकंदाला ५० फील्डचं, म्हणजे एकाआड एक ओळींच्या ५० अर्ध्या चित्रांचं आहे. साध्या पद्धतीत त्याची २५ चित्रं होतात आणि रंगमंचाचा जिवंतपणा निघून जातो. फाइल बनवतानाच कोणी २५वर आणली असेल तर मात्र इलाज नाही.

डीव्हीडी मागवली असेल तर मागे रीजन बघा, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा आकडा. ब्रिटनची २, आपली ५. सर्व रीजनचा प्लेअर असेल तर प्रश्न मिटला; संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो.

खरी अडचण आवाजाची. रेकॉर्डिंग मोनो म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येणारं, बोली लंडनची, त्यात प्रेक्षकांचा हशा. सराउंड बंद ठेवा. त्याने संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात. हशा मोठा वाटतो म्हणून ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावायचा मोह होतो, पण तो हशाला आवाज खाली ओढतो आणि वर यायला क्षणभर घेतो, म्हणजे पुढच्या वाक्याचे पहिले शब्द गिळले जातात. पंखा पाचवरून तीनवर आणा. सबटायटल्स इंग्रजीच लावा. ती सुरुवातीपासून सारखीच मागे-पुढे असतील तर व्हीएलसीमध्ये एच दाबून उशिरा, जी दाबून लवकर आणता येतात. एका दाबाला ५० मिलिसेकंद. सुरुवातीला जुळतात आणि शेवटी मिनिटभर घसरतात, असं असेल तर ती फाइल दुसऱ्या वेगासाठी बनवलेली आहे. दाबत बसू नका, दुसरी शोधा.

हशाबद्दल तक्रार करणाऱ्यांनी नटाकडे बघावं. तो वाक्य टाकतो, हशा ओसरेपर्यंत थांबतो, तेवढ्यात नजर फिरवतो किंवा वर्तमानपत्राची घडी घालतो, मग पुढचं बोलतो. टायमिंग म्हणतात ते हेच. त्यामुळे १.२५च्या वेगाने बघणं म्हणजे शुद्ध वाया घालवणं.

भाग साधारण २५ मिनिटांचा, त्याचे दोन अंक. बाराव्या-तेराव्या मिनिटाला जाहिरातींसाठी ‘एन्ड ऑफ पार्ट वन’ अशी पाटी येते. काही प्रतींत ती कापलेली असते, नुसता पडदा काळा होतो. चहा तेव्हाच. भडंगही तेव्हाच काढा, कारण चार जण भडंग खात असताना मोनो आवाजातला एक शब्द कळत नाही. कोणाला काही समजावून सांगायचं असेल तर तेही इथेच. विनोदाच्या मध्ये पॉज दाबणाऱ्याच्या हातात रिमोट देऊ नये.

संदर्भ फार लागत नाहीत. मालिका २ फेब्रुवारी १९७१ला सुरू झाली आणि १५ फेब्रुवारीला ब्रिटनने दशमान चलन घेतलं. त्याआधी १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड. घरात आणे-पैचा हिशेब केलेले आजोबा असतील तर हा भाग त्यांच्याकडे सोपवा. जानेवारी ते मार्च १९७४ तिकडे वीज वाचवायला कारखाने आठवड्यात तीनच दिवस चालत. भारनियमन पाहिलेल्यांना याहून जास्त सांगायला नको.

पहिल्या भागापासूनच सुरू करायचा हट्ट धरू नका, प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. एका बैठकीत दोन पुरे. आठवड्याला एक बघायचा म्हणून लिहिलेलं आहे. सलग चार बघितले की सिडची चिडचिड आणि शेजाऱ्याशी संगनमत यांचा साचा उघडा पडतो. मुलं बरोबर असतील तर भाग आधी एकट्याने बघून घ्या. द्वयर्थी वाक्यं आहेत, सौम्य असली तरी. पॉवेल-ड्रायव्हर जोडीचीच ‘लव्ह दाय नेबर’ मात्र घरच्या बैठकीला नको. वर्णावरून केलेले त्यातले विनोद आज ऐकवत नाहीत.

यानंतर बीबीसीकडे वळायचं तर ‘द गुड लाइफ’ घ्या, १९७५ ते १९७८. चाळिशीला नोकरी सोडून लंडनच्या उपनगरातल्या बागेत शेती करणाऱ्या जोडप्याची गोष्ट. शेतीतलं कळणारा माणूस शेजारी असेल तर मजा दुप्पट. बीबीसीवर जाहिराती नाहीत, त्यामुळे अर्धा तास सलग चालतो आणि मध्यंतर तुम्हालाच ठरवावं लागतं.