रेडियमच्या मशीनवर रोज एक चित्र

नंबरप्लेट, ट्रॅक्टरवरची नावं, दुकानाच्या काचेवरची अक्षरं कापतं ते रेडियमचं मशीन म्हणजे कटिंग प्लॉटर. त्यातली ब्लेड काढून पेन बसवलं की तोच चित्र काढणारा प्लॉटर होतो. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या आमच्या दुकानात दिवसभर स्टिकर कापले जातात. शटर अर्धं खाली आलं की मशीन माझं. तुमच्याकडे दुकान नसेल तर ओळखीच्या रेडियमवाल्याकडून संध्याकाळचा तासभर मागून घ्या, तेवढा पुरतो.

आधी मशीनचं बघू. ब्लेडच्या होल्डरमध्ये पेन सैल बसत असेल तर इन्सुलेशन टेपचे वेढे द्या. डोकं वर उचललेलं असताना पेनाचं टोक कागदापासून दोन-तीन मिलिमीटर वर राहिलं पाहिजे. मग सेटिंग. कापताना ब्लेडचं टोक मधल्या अक्षापासून थोडं बाजूला असतं, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट दिलेला असतो, बहुतेक 0.25 मिलिमीटर. पेनाला तो 0 करायचा. ओव्हरकट, म्हणजे रेघ संपल्यावरही थोडं पुढे कापत जाणं, तोही 0. हे केलं नाही तर चौकोनाचे कोपरे बिघडतात आणि वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. दाब रेडियमला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी ठेवा, वेगही उतरवा, कारण घाईत जेल पेन रेघ तोडतं. 20 मिलिमीटरचा एक चौकोन आणि एक वर्तुळ काढून पाहा. दोन्ही नीट मिटले की मशीन तयार.

आता विषय. दरवर्षी जानेवारीत जगभरचे कोडमधून चित्र काढणारे लोक महिनाभर रोज एका विषयावर काम करतात. 2021 पासून हे चालू आहे, नाव जेन्युअरी. विषय सगळ्यांना एकच असतो, 31 दिवसांचे 31. चित्र मात्र ज्याचं त्याचं. 2022 च्या पहिल्या दिवसाचा विषय होता: कशाचेही 10,000 काढा.

विषय हाती आला की लोक त्याचं चित्र शोधायला लागतात, आणि तिथेच अडतात. तुम्ही नियम शोधा. वहीत तीनच गोष्टी लिहा: पुन्हा पुन्हा काय येतं, बदलतं काय, आणि किती बदलतं. 1968 मध्ये जर्मनीत गेऑर्ग नेस यांनी प्लॉटरवर 12 स्तंभ आणि 22 ओळींत चौकोन मांडले. वरचे शिस्तीत, खाली खाली जाताना फिरत आणि ढळत गेलेले. पुन्हा येतो चौकोन, बदलतो त्याचा कोन आणि जागा, आणि बदल ओळीगणिक वाढतो. साठ वर्षं होत आली, अजून त्या चित्रावरून नजर हलत नाही. पॅरिसमध्ये वेरा मोल्नार यांनीही 1968 पासून संगणकावर काम सुरू केलं आणि शिस्तीत किती मोड घातली की चित्र जिवंत होतं, हेच त्या आयुष्यभर तपासत राहिल्या. 2023 मध्ये, 99 व्या वर्षी त्या गेल्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ह्या दोघांची कामं तासभर बघावीत असं मला मनापासून वाटतं.

तर 10,000 काय काढायचं? आमच्या घरी उत्तर वावरात होतं. एकरात 43,560 चौरस फूट. कपाशी तीन बाय दीड फुटांवर लावली तर एका झाडाला साडेचार चौरस फूट जागा, म्हणजे एकराला 9,680 झाडं. जवळजवळ दहा हजारच! चौरस एकराची बाजू साधारण 209 फूट धरली तर 70 तास, म्हणजे पिकाच्या ओळी, आणि प्रत्येक तासात 139 झाडं. ए-3 कागदावर 25 सेंटिमीटरचा चौकोन घ्या. दोन तासांत साडेतीन मिलिमीटर येतात, दोन झाडांत 1.8. एक झाड म्हणजे एक मिलिमीटरची उभी रेघ. बारीक टोकाचं पेन असलं की हे सगळं एका पानात मावतं.

कोडसाठी पी-फाइव्ह जेएस वापरा, कोडमधून चित्र काढायचं हे एक साधन. ते ब्राउझरमध्ये चालतं, काही बसवावं लागत नाही. बाहेरचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग, तासांचा, आतला झाडांचा. पडद्यावर रेघ काढताना तीच रेघ एसव्हीजीच्या मजकुरातही जोडत जा आणि शेवटी फाइल जतन करा. एसव्हीजी म्हणजे रेघांचं चित्र साठवणारी फाइल, आत साधा मजकूर असतो. फाइलच्या सुरुवातीला रुंदी 420 मिलिमीटर, उंची 297 मिलिमीटर आणि व्ह्यूबॉक्स 0 0 420 297 असा लिहिला की कोडमधला 1 म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर. पुढे कोरलमध्ये, म्हणजे रेडियमवाले डिझाइनला वापरतात त्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये, फाइल इम्पोर्ट केल्यावर माप एकदा तपासायचं, बस.

पडद्यावर सगळी झाडं उभी राहिली तेव्हा बाबा मागून बघत होते. म्हणाले, "सारंच थोडी उगवते, बाई? नांग्या कुठी हायेत?"

नांग्या म्हणजे तासात बी न उगवल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा. त्या चित्रात आणायचा सोपा मार्ग म्हणजे दर झाडाला रँडम आकडा काढायचा आणि शंभरातली आठ झाडं गाळायची. पण मग नांग्या सगळीकडे सारख्या विखुरतात, आणि शेत ओळखणारा माणूस लगेच म्हणेल की हे खोटं आहे. वावरात नांग्या गटाने पडतात. कुठे पाणी साचलं, कुठे जमीन हलकी, कुठे रानडुक्कर फिरून गेलं. त्यासाठी रँडमऐवजी नॉईज घ्या. केन पर्लिन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलेली ही पद्धत पी-फाइव्हमध्ये 0 ते 1 मधला आकडा देते, आणि शेजारच्या बिंदूंचे आकडे एकमेकांच्या जवळचे असतात. आकडा 0.3 च्या खाली गेला तर झाड नाही, एवढाच नियम. 0.3 कमी-जास्त करून बघत बसा, ह्यात वेळ गेला तरी चालेल. दुसऱ्या नॉईजने झाडांना थोडा कल द्या, वाऱ्याची एक लहर पानभर फिरते.

आता क्रम, कारण प्लॉटरवर क्रमाला फार महत्त्व आहे. कटिंग प्लॉटरमध्ये डोकं आडवं जातं आणि रोलर कागदालाच पुढे-मागे ओढतात. ओढाताण जितकी जास्त तितका कागद सरकण्याचा धोका. म्हणून तास डोक्याच्या दिशेने ठेवा, आणि एक तास डावीकडून तर पुढचा उजवीकडून काढा, बैलजोडी धुऱ्यावर वळून परत येते तसं. कागद मग एका वेळी फार तर साडेतीन मिलिमीटर सरकतो. सॉफ्टवेअरमध्ये रेघांचा क्रम आपोआप लावायची सोय असते, ती बंद ठेवा. वेळेचाही हिशेब आधी करा: एका उचल-टेकीला पाव सेकंद धरला तरी 9,000 रेघांना 37 मिनिटं नुसती त्यातच जातात. रोजच्या चित्राला मी अर्ध्या तासाची मर्यादा ठेवते. एकरभर पऱ्हाटी, म्हणजे ही कपाशी, हा रविवारचा विषय.

जानेवारी संपला की विषय संपत नाहीत. घरातल्यांना चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहायला सांगा आणि डब्यात टाका. आमच्या डब्यातून कुपाटी, म्हणजे काट्यांचं कुंपण, निघाली होती: आखूड रेघा, कोन कसाही, पण प्रत्येक रेघ आधीच्या एका तरी रेघेला छेदलीच पाहिजे. झड, म्हणजे संततधार पाऊस, निघाली: सगळ्या तिरप्या रेघा एकाच कोनात, फक्त दाटी बदलते. उन्हाळ्यातल्या भेगांना व्होरोनॉय आकृती (बिंदू टाकायचे आणि ज्या बिंदूला जी जागा सगळ्यात जवळ ती त्याचा कप्पा) जवळची वाटते, पण काळ्या मातीतल्या भेगा मोठ्या आधी पडतात आणि लहान त्यांना येऊन मिळतात, म्हणून मी आधी पाच-सहा बिंदूंची आकृती काढते आणि तिच्या प्रत्येक कप्प्यात पुन्हा लहान आकृती भरते. हुरडा अजून जमवते आहे.

कागद ड्रॉइंग शीटचा घ्या, किंवा लग्नपत्रिका छापणाऱ्याकडची उरलेली कार्डशीट. पावसाळ्यात शीट ओलसर होऊन वाकतात, म्हणून पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवा. उन्हाळ्यात फाईनलायनरचं टोक उघडं राहिलं की लवकर वाळतं, चित्र थांबलं की टोपण लावा. काम चालू असताना कूलरची हवा कागदावर येऊ देऊ नका.

आणि लाईट. वीज गेली की मशीन आपली शून्याची जागा विसरतं. फाइलचे दहा-दहा तासांचे सात तुकडे करा, प्रत्येकाचा शून्य एकच ठेवा आणि ती जागा कागदावर पेन्सिलने खूण करा. लाईट गेली तर रोलरचा खटका उचलू नका, कागद आहे तसा राहू द्या. आली की पेन खुणेवर आणा, तिथे शून्य द्या आणि अर्धा राहिलेला तुकडा कोडमधून उरलेल्या तासांपुरता पुन्हा काढा. त्यासाठी रँडम आणि नॉईज दोन्हींचा सीड, म्हणजे सगळे आकडे ज्यावरून निघतात तो सुरुवातीचा आकडा, ठरलेला हवा, नाहीतर उरलेले तास दुसऱ्याच वावराचे येतील. तो आकडा, तारीख आणि पेनाचं नाव पानाच्या मागे लिहून ठेवा.