रास्पबेरी पायवर चित्र येते, आवाज येत नाही: एचडीएमआय ध्वनी कसा दुरुस्त करावा

रेट्रोपाय (जुने व्हिडिओ गेम खेळण्याची प्रणाली) बसवलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला, चित्र स्वच्छ आले, पण आवाज आला नाही, तर सर्वांत आधी सेटिंगच्या कोणत्याही फाइलला हात लावू नये. या दोषावर इंटरनेटवर जी एक ओळ, ‘एचडीएमआय_ड्राइव्ह=2’ (hdmi_drive=2), सर्रास सुचवली जाते ती बहुतेकदा खरी असते; फक्त ती तुमच्या मेमरी कार्डावरील प्रणालीसाठी लिहिलेली नसते. अशा तीन-चार ओळी एकापाठोपाठ टाकल्या की मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता, हेच कळेनासे होते.

टीव्हीचा आवाज बंद केलेला नाही आणि त्याच पोर्टवर दुसऱ्या यंत्राचा आवाज येतो, हे तुम्ही पाहिले आहे असे मी गृहीत धरतो. पाय 4 किंवा पाय 5 असेल तर केबल वीजपुरवठ्याच्या पोर्टला लागून असलेल्या मायक्रो एचडीएमआय पोर्टमध्ये लावावी. मध्ये स्विच, स्प्लिटर किंवा कन्व्हर्टर असेल तर तो काढावा. आधी टीव्ही सुरू करावा, मग पाय.

पुढे अवतरणचिन्हांत दिलेल्या आज्ञा आणि नावे प्रत्यक्षात इंग्रजी लिपीत टाइप करायची आहेत.

दोष खेळात आहे की खाली प्रणालीत

एम्युलेशनस्टेशनमधून, म्हणजे खेळ निवडण्याच्या पडद्यावरून, एफ4 दाबून बाहेर पडावे आणि ‘स्पीकर-टेस्ट -सी2 -टी वेव्ह’ (speaker-test -c2 -t wav) ही आज्ञा द्यावी. डावी-उजवी बाजू सांगणारा आवाज ऐकू आला, तर प्रणाली ठीक आहे आणि दोष एम्युलेटरच्या (जुन्या खेळयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये आहे. मधला भाग सोडून शेवटच्या भागाकडे जावे.

साउंड कार्डाचे नाव वाचणे

आवाज आला नाही तर ‘ए-प्ले -एल’ (aplay -l) ही आज्ञा द्यावी. हे ‘ए-प्ले’ इंग्रजीत जोडून लिहायचे असते. या आज्ञेने साउंड कार्डांची यादी मिळते. मी या टप्प्यावर दोन रविवार घालवले, आणि ते वाया गेले याचे एकमेव कारण म्हणजे ही यादी मी नीट वाचली नव्हती. मी कॉन्फिग फाइलमध्ये (config.txt, पायच्या सेटिंगची फाइल) ‘एचडीएमआय_ड्राइव्ह=2’ लिहीत होतो, पाय पुन्हा सुरू करत होतो, ओळ पुसून दुसरी लिहीत होतो, केबल बदलत होतो. माझ्या प्रणालीवर ती ओळ वाचलीच जात नव्हती. यादीत दिसणाऱ्या नावावरून तुमची प्रणाली कोणत्या काळातली आहे ते समजते, आणि उपाय त्या काळावर ठरतो.

‘बीसीएम2835 अल्सा’ असे एकच कार्ड दिसले, तर प्रणाली 2020 पूर्वीची आहे. तिथे ‘ए-मिक्सर सीसेट नमआयडी=3 2’ (amixer cset numid=3 2) ही जुनी प्रसिद्ध आज्ञा अजूनही चालते; शेवटचा 2 म्हणजे एचडीएमआय, 1 म्हणजे हेडफोन.

‘बीसीएम2835 एचडीएमआय 1’ आणि ‘बीसीएम2835 हेडफोन्स’ अशी वेगळी कार्डे दिसली, तर वरची आज्ञा विसरावी. 2020 मध्ये प्रत्येक मार्गाला स्वतंत्र कार्ड मिळाले, त्यामुळे आता मार्ग बदलायचा नसून कार्ड निवडायचे असते. ते काम रेट्रोपायच्या मेनूतील ऑडिओ या पर्यायातून होते. कार्ड योग्य असूनही शांतता असेल, तर टीव्ही किंवा मॉनिटरशी जोडणी डीव्हीआय पद्धतीने झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्या पद्धतीत चित्र जाते, ध्वनी जात नाही. ‘एचडीएमआय_ड्राइव्ह=2’ ही ओळ इथे उपयोगी पडते. पडदा आपली ध्वनिक्षमता नीट कळवत नसेल तर ‘एचडीएमआय_फोर्स_ईडीआयडी_ऑडिओ=1’ (hdmi_force_edid_audio=1) ही ओळही लिहावी, पण दोन्ही एकदम लिहू नयेत. एक लिहावी, पाय पुन्हा सुरू करावा, ऐकावे, मगच दुसरी. रेट्रोपायची 2022 मधील 4.8 ही तयार इमेज वापरणारे बहुतेक वाचक याच गटात असतील.

‘व्हीसी4-एचडीएमआय-0’ असे नाव दिसले, तर चित्र आणि ध्वनी दोन्ही लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) ताब्यात आहेत आणि कॉन्फिग फाइलमधील ‘एचडीएमआय_’ने सुरू होणाऱ्या ओळींना काही अर्थ उरलेला नाही. रास्पबेरी पाय ओएसच्या 2021 मधील बुल्सआय आवृत्तीपासून हीच पद्धत मूळ सेटिंग म्हणून आली. त्यामुळे ज्यांनी नव्या प्रणालीवर रेट्रोपाय स्वतः बसवले आहे, त्यांना जुने सल्ले लागू पडत नाहीत. इथे दोन गोष्टी तपासाव्यात. कॉन्फिग फाइलमध्ये ‘व्हीसी4-केएमएस-व्ही3डी’ या ओळीला ‘नोऑडिओ’ हा शब्द जोडलेला असेल तर तो काढावा. टीव्ही उशिरा सुरू केल्यामुळे ध्वनी येत नसेल, तर सीएमडीलाइन फाइलमध्ये (cmdline.txt) त्याच एका ओळीच्या शेवटी, नवी ओळ न करता, ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-1:1920x1080@60डी’ (video=HDMI-A-1:1920x1080@60D) लिहावे; शेवटचा डी डिजिटल जोडणी सक्तीची करतो. ही फाइल एकाच ओळीची असावी लागते, आणि चुकून एंटर दाबल्यास पाय सुरू होणे थांबू शकते.

याच गटाला आणखी एक इशारा. कार्डाला थेट ‘एचडब्ल्यू’ नावाने हाक मारून चाचणी घेतली, तर ध्वनीचा फॉरमॅट उपलब्ध नसल्याची चूक येते. पाय बिघडला असे समजू नये. हे कार्ड एका विशिष्ट फॉरमॅटमध्येच माहिती घेते आणि तिचे रूपांतर मधल्या थराने करायचे असते. चाचणी ‘एचडीएमआय:कार्ड=व्हीसी4एचडीएमआय0’ (hdmi:CARD=vc4hdmi0) या नावाने घ्यावी.

कार्डाचा क्रमांक कोठेही कायमचा लिहू नये, नाव लिहावे. यूएसबी हेडसेट किंवा हेडफोनची जागा असलेला गेमपॅड जोडला की तोही साउंड कार्ड म्हणून यादीत येतो आणि क्रमांक सरकतात. काल चालणारा आवाज आज बंद होण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे. होम फोल्डरमधील ‘.ए-साउंडआरसी’ (.asoundrc) ही लपलेली फाइल जुनी निवड धरून बसलेली असेल, तर रेट्रोपायच्या ऑडिओ मेनूतून सेटिंग मूळ स्थितीत आणावे.

कॉन्फिग फाइल कोठे आहे याबद्दलही गोंधळ होतो: रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती ‘बूट’च्या आतील ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये आहे, त्याआधी थेट ‘बूट’मध्ये होती.

फक्त खेळात आवाज नसेल तर

रेट्रोआर्कमध्ये, म्हणजे एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ऑडिओ ड्रायव्हर ‘अल्साथ्रेड’ (alsathread) ठेवावा आणि उपकरणाची जागा रिकामी सोडावी. आवाज येतो पण तुटतो, अशा वेळी आधी पडद्यावर विजेचे चिन्ह उमटते का ते पाहावे, कारण अपुऱ्या वीजपुरवठ्याने पाय मंदावतो आणि आवाज फाटतो. पुरवठा ठीक असेल तरच ऑडिओ लेटन्सी (आवाज येण्यातला उशीर) 64 वरून 96 मिलिसेकंद करावी. तेवढ्यानेही आवाज तुटत असेल, तर त्या खेळासाठी पायची गती कमी पडते आहे. लेटन्सी आणखी वाढवल्यास बटण दाबणे आणि आवाज येणे यांतील अंतर जाणवू लागेल, त्याऐवजी एम्युलेटरचा हलका कोर, म्हणजे कमी ताकद लागणारा पर्याय, निवडावा.