प्रोबेशनवर आहेस? मग पहिल्या दिवसापासून कागद सांभाळ

पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेडिकल वॉर्डची इनचार्ज आहे. नवीन सिस्टर्सचे आणि ब्रदर्सचे कन्फर्मेशनचे, म्हणजे नोकरीत कायम करण्याचे, फॉर्म माझ्या टेबलावरून मेट्रनकडे, म्हणजे नर्सिंगच्या प्रमुखांकडे, जातात. हात चांगला असलेली मुलगीसुद्धा अडकते, कारण तिच्या चेकलिस्टवर कुणाच्या सह्याच नसतात. म्हणून हे लिहितेय.

अपॉइंटमेंट लेटर एचआरच्या खुर्चीत बसून वाचू नकोस, घरी ने. प्रोबेशन बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचं असतं आणि खाली ‘वाढवता येईल’ असं असतंच. जास्तीत जास्त कुठवर, ते लिहिलंय का बघ. नसेल तर सहा महिने उलटले म्हणून आपोआप कायम झालीस असं धरू नकोस. पत्र हातात यावं लागतं. नोटीस पिरियड प्रोबेशनमध्ये किती आणि नंतर किती, बाँड (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट) असेल तर रक्कम किती, हेही पाहून घे. मार्कशीट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मूळ दाखव, झेरॉक्स दे, मूळ परत घे. ‘फाइलला राहू दे’ म्हणाले तरी.

‘प्रोबेशन आहे, पीएफ नंतर’ हे ऐकून गप्प बसू नकोस. हॉस्पिटलला पीएफ लागू असेल आणि बेसिक-डीए मिळून 15,000 पर्यंत असेल, तर कपात पहिल्या महिन्यापासून व्हायला हवी. मॅटर्निटी लीव्हलाही प्रोबेशन आड येत नाही; डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं लागतं.

आता वॉर्ड. कॉम्पिटन्सी चेकलिस्ट, म्हणजे कुठली कामं नीट जमतात त्याची यादी, इंडक्शनला मिळते आणि लॉकरमध्ये जाते. ती खिशात ठेव. कॅथेटर टाकलास, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकलीस, ब्लड ट्रान्सफ्युजन सुरू केलंस, की ज्या सीनियरने पाहिलं तिची सही त्याच ड्यूटीत घे. सहाव्या महिन्यात सगळ्या सह्या एकदम मागणारी मुलगी मला लांबूनच ओळखू येते. पेनाची शाईसुद्धा एकच असते.

इन्सुलिन, हेपारिन (रक्त पातळ ठेवणारं औषध), पोटॅशियम क्लोराइड या तिघांना एकटीने हात लावायचा नाही. दुसऱ्या सिस्टरला डोस दाखव, दोघींच्या सह्या कर. पोटॅशियम थेट शिरेत पुश करायचं नसतं, पातळ करून हळू द्यायचं, हे तुला कॉलेजात शिकवलंय. तरी नाइटला घाई असते तेव्हा पुन्हा विचार. विचारल्याबद्दल मी कुणाचा शेरा खराब केलेला नाही. न विचारता दिल्याबद्दल केलाय. फोनवर ऑर्डर आली तर लिही, आरएमओला (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला) वाचून दाखव आणि मग त्यांची सही घे. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरकडे पेशंट सोपवताना, बेडजवळ उभी राहा. ड्रेन, आयव्ही साइट, चालू इन्फ्युजन समोरचीला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

सुई टोचली की प्रोबेशनवरच्या मुली सांगतच नाहीत, ‘निष्काळजी’ असा शिक्का बसेल म्हणून. असं करू नकोस. दाबून रक्त काढायचं नाही, साबण-पाण्याने धू, लगेच इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरला सांग आणि इन्सिडेंट फॉर्म भर. एचआयव्हीची पीईपी (लागण टाळायला संपर्कानंतर घ्यायची औषधं) जितकी लवकर तितकी बरी, दोन तासांत मिळाली तर उत्तम. 72 तासांनंतर तिचा उपयोग धरत नाहीत. हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांना असतात. जॉइन होतानाच सुरू केलेस तर तिसरा डोस आणि कन्फर्मेशन एकाच सुमारास येतं.

तिसऱ्या महिन्यात स्वतःहून इनचार्जकडे जा आणि ‘माझं कुठे कमी पडतंय’ हे विचार. ती जे सांगेल ते तारीख घालून डायरीत लिही. प्रोबेशन वाढवलं तर कारण आणि नवी तारीख लेखी माग, तोंडी ‘बघू’वर थांबू नकोस.

सोडून जायचं ठरलं तरी नोटीस भर, रिलिव्हिंग आणि एक्सपिरियन्स लेटर घे. पुढे आखातात किंवा इंग्लंडला जायचं झालं की जुन्या हॉस्पिटलकडून पडताळणी होते. पीएफच्या पोर्टलवर एक्झिट डेट भरली गेली का तेही बघ. हॉस्पिटलने भरली नाही, तर शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी तुझी तुला भरता येते.